गाठीचा शेजार

अन्य कारणाने दगावलेल्या माणसांची शवविच्छेदने करताना विकृतिशास्त्रज्ञांना एक गोष्ट वारंवार दिसत आली आहे. ज्यांना हयातीत कर्करोगाचा काडीचाही त्रास झाला नाही, अशांच्या स्तनात, प्रोस्टेटमध्ये, थायरॉइडमध्ये कर्करोगाच्या सूक्ष्म गाठी सापडतात. जुडा फोकमन आणि रघू कल्लुरी या संशोधकांनी २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या निरीक्षणाकडे लक्ष वेधले. चाळिशी ते पन्नाशीच्या स्त्रियांच्या शवविच्छेदनांत एक तृतीयांशाहून अधिक जणींच्या स्तनात अशा गाठी आढळल्या होत्या. त्या वयोगटात प्रत्यक्ष निदान होते ते जेमतेम एक टक्का स्त्रियांमध्ये.

म्हणजे पेशी बिघडलेली आहे, तिची जनुके बिघडलेली आहेत, तरीही गाठ वर्षानुवर्षे आहे तेवढीच राहते. मग काही जणांच्या बाबतीत तशीच गाठ अचानक वाढू का लागते? या प्रश्नाचा माग काढताना गेल्या पन्नास-साठ वर्षांत संशोधकांची नजर कर्कपेशीवरून तिच्या शेजाराकडे वळली. भोवतीच्या रक्तवाहिन्या, तंतू, संरक्षक पेशी, साचलेला द्रव आणि त्या द्रवाचा दाब, हा तो शेजार. गाठ दबून राहणार की फोफावणार, औषध तिच्यापर्यंत पोहोचणार की वाटेतच अडणार, हे पुष्कळ अंशी तोच ठरवतो. आज कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांचा रोख या शेजाराकडे आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा, परवडणारा उपाय मुंबईत सिद्ध झाला आहे.

मिलिमीटरभराची मर्यादा

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फोकमन हे तरुण शल्यचिकित्सक अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा येथील वैद्यकीय केंद्रात काम करत होते. लांबच्या सफरीवर जाणाऱ्या युद्धनौकांवर साठवता येईल असा रक्ताचा पर्याय शोधायचा, हे त्यांना आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक बेकर यांना नेमून दिलेले काम. हिमोग्लोबिनच्या द्रावणावर एखादे इंद्रिय जिवंत राहते का, हे पाहण्यासाठी त्यांनी सशाची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर ठेवून तिच्या वाहिन्यांमधून ते द्रावण खेळवले आणि तिच्यात कर्करोगाच्या पेशी सोडल्या. पेशी वाढल्या, गाठी झाल्या. पण एक-दोन मिलिमीटरच्या झाल्यावर सगळ्या थांबल्या. त्याच गाठी काढून जिवंत उंदरात रोवल्या की त्या भराभर वाढत. फरक शोधताना फोकमन यांच्या लक्षात आले, की उंदरात गाठीच्या आत नव्या रक्तवाहिन्या शिरत होत्या. शरीराबाहेरच्या ग्रंथीत तसे होत नव्हते.

ही मर्यादा येते कोठून? रक्तातला प्राणवायू केशवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतो आणि आसपासच्या पेशींपर्यंत झिरपत जातो. वाटेतली प्रत्येक पेशी आपला वाटा उचलते. त्यामुळे वाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉन अंतरावर, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आतच तो संपतो. निरोगी ऊतींमध्ये जवळपास प्रत्येक पेशी या अंतराच्या आत असते. आर. एच. टॉमलिन्सन आणि एल. एच. ग्रे यांनी १९५५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे छेद तपासून हेच दाखवले होते: वाहिन्यांलगतच्या पेशी जिवंत, आणि ठरावीक अंतरापलीकडे मृत पेशींचा थर. ज्यांच्या नावाने रेडिएशनची मात्रा आज ‘ग्रे’मध्ये मोजली जाते, तेच हे ग्रे. त्यांना या अंतराची चिंता वेगळ्या कारणासाठी होती. प्राणवायू नसलेल्या पेशीला मारायला रेडिएशनची मात्रा सुमारे अडीच ते तीन पट लागते. उपासमारीत तग धरून राहिलेल्या पेशीच उपचारातून वाचतात आणि पुढे गाठ पुन्हा उभी करतात.

फोकमन यांनी आपला विचार १९७१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. गाठीतून काही रसायन पाझरते, ते शेजारच्या वाहिन्यांना फांद्या फोडायला लावते. हे रसायन अडवले तर गाठ मिलिमीटरभराची होऊन थांबेल, असे त्यांचे म्हणणे होते. पुष्कळांना ते पटले नाही. गाठीभोवतीचा लालसरपणा म्हणजे साधी सूज आहे, असे टीकाकार म्हणत. त्याला उत्तर म्हणून फोकमन आणि मायकेल गिम्ब्रोन यांनी सशाच्या डोळ्याचा आधार घेतला. डोळ्याच्या पुढच्या भागातल्या द्रवात तरंगत ठेवलेली गाठ जिवंत राही, पण वाढत नसे. तीच गाठ बुबुळातल्या रक्तवाहिन्यांना टेकवली की काही दिवसांत हजारो पटींनी वाढे. मग त्यांनी डोळ्याच्या पारदर्शक पटलात गाठ रोवली. या पटलात मुळात एकही रक्तवाहिनी नसते. काही दिवसांत कडेच्या वाहिन्यांमधून नवे फाटे फुटले आणि त्या पारदर्शक भागातून सरळ गाठीच्या दिशेने सरकत गेले. भिंगाखाली कोणालाही पाहता येईल असा हा पुरावा होता.

प्रौढ माणसात नव्या रक्तवाहिन्या सहसा तयार होत नाहीत. वाहिन्यांचे अस्तर असलेल्या पेशी वर्षानुवर्षे न विभागता बसून असतात. अपवाद मोजके: मासिक पाळीच्या चक्रात गर्भाशयाचे अस्तर, गरोदरपणात वार, आणि भरून येणारी जखम. तिथेही गरज संपली की काम थांबते. गाठीच्या शेजारी मात्र ते थांबत नाही.

हाक कोण देते?

गाठीतून पाझरणारे ते रसायन सापडायला आणखी एक तप लागले. बोस्टनमध्ये हॅरॉल्ड ड्वोराक आणि डोनाल्ड सेंगर हे वेगळ्याच प्रश्नावर काम करत होते. काही कर्करोगांत पोटात पाणी का साचते, हे त्यांना शोधायचे होते. १९८३ मध्ये त्यांनी गिनीपिगच्या गाठींमधून एक प्रथिन वेगळे केले. ते वाहिन्यांच्या भिंती सैल करत होते, आणि त्यातून रक्तद्रव बाहेर झिरपत होता. या बाबतीत त्याची ताकद हिस्टामिनच्या सुमारे ५०,००० पट होती. १९८९ मध्ये जेनेनटेक कंपनीत नेपोलिओन फेरारा यांनी वाहिन्यांच्या अस्तरपेशींना वाढायला लावणारे एक प्रथिन शोधले आणि त्याला व्हीईजीएफ हे नाव दिले. पुढे कळले, की दोघांनी शोधलेले प्रथिन एकच आहे. भिंती सैल करणे आणि नवे फाटे फोडणे ही दोन्ही कामे तेच करते.

ड्वोराक यांनी १९८६ मध्ये एक विचार मांडला, त्याचे वजन आजही कमी झालेले नाही. त्यांनी गाठीला कधीच भरून न येणारी जखम म्हटले. जखम झाली की वाहिन्या गळू लागतात, रक्तद्रवातल्या फायब्रिनचे जाळे तयार होते, त्यावरून नव्या वाहिन्या आणि तंतू तयार करणाऱ्या पेशी आत येतात, सफाई करणाऱ्या भक्षकपेशी जमतात. जखम भरली की हे सगळे आवरते. गाठीभोवती हीच सगळी फौज जमते, पण काम संपल्याचा निरोप तिला कधीच मिळत नाही. कर्करोगाने नवीन काही शोधून काढलेले नाही. शरीराची स्वतःची दुरुस्तीची व्यवस्था तो आपल्यासाठी अखंड राबवून घेतो.

ही व्यवस्था चालू कशी होते, याचे उत्तर पेशीच्या प्राणवायू ओळखण्याच्या यंत्रणेत आहे. ग्रेग सेमेन्झा यांनी पेशीत एचआयएफ नावाचे प्रथिन शोधले. प्राणवायू पुरेसा असेल तर हे प्रथिन तयार झाल्यावर काही मिनिटांतच नष्ट केले जाते. प्राणवायू कमी पडला की ते टिकते, केंद्रकात जाते आणि व्हीईजीएफसह कितीतरी जनुके जागी करते. पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांनी ते नष्ट होण्याची पद्धत उलगडली. या तिघांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. डोंगरावर उंच गेलेल्या माणसात लाल पेशी वाढवणारी हीच यंत्रणा, गाठीच्या गुदमरलेल्या मध्यभागातून नव्या वाहिन्यांना बोलावते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात एचआयएफला नष्ट करणारे जनुकच बहुधा निकामी झालेले असते. त्यामुळे प्राणवायू भरपूर असतानाही पेशी वाहिन्यांना हाक देत राहतात आणि गाठ रक्तवाहिन्यांनी गच्च भरते. वाहिन्यांवर काम करणारी औषधे या कर्करोगात चांगली लागू पडली, ती यामुळेच.

औषध आले, आणि प्रश्नही

व्हीईजीएफला पकडून ठेवणारे प्रतिपिंड फेरारा यांच्या गटाने तयार केले. १९९३ मध्ये त्याने उंदरांतल्या गाठींची वाढ रोखून दाखवली. त्यापासून बनलेल्या बेव्हासिझुमॅब या औषधाला अमेरिकेत फेब्रुवारी २००४ मध्ये मान्यता मिळाली, ती मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी. ज्या चाचणीवर ही मान्यता आधारलेली होती, तीत ८०० हून अधिक रुग्ण होते. फक्त केमो घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १५.६ महिने होते. केमोबरोबर हे औषध घेणाऱ्यांचे २०.३ महिने.

फोकमन यांचा विचार खरा ठरला होता. पण लाभ सुमारे पाच महिन्यांचा होता, आणि गाठ उपाशी मरेल ही आशा फलद्रूप झाली नव्हती. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी २००८ मध्ये दिलेली मान्यता अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये काढून घेतली, कारण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही आणि रक्तदाब वाढणे, रक्तस्राव, आतड्याला छिद्र पडणे हे धोके मात्र होते. जखम भरायलाही नव्या वाहिन्या लागतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही आठवडे हे औषध बंद ठेवावे लागते.

गाठ यातून निसटते कशी? एका हाकेला उत्तर मिळाले नाही तर ती दुसऱ्या रसायनांनी वाहिन्यांना बोलावते. कधी नव्या वाहिन्यांच्या फंदात पडतच नाही. फुप्फुस किंवा यकृत यांसारख्या रक्ताने समृद्ध इंद्रियांत ती आधीपासून असलेल्या वाहिन्यांच्या कडेने पसरत जाते. आणि सगळ्यांत मोठी अडचण अशी, की वाहिन्या फार तोडल्या तर गाठीत प्राणवायू आणखी कमी होतो, रेडिएशनचा परिणाम घटतो आणि केमोचे औषध आतवर पोहोचायला वाटच उरत नाही.

या पेचाचा उलगडा राकेश जैन यांनी केला. ते मूळचे रसायन अभियंते. आयआयटी कानपूरमधून १९७२ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले, पुढे हार्वर्डच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये स्थिरावले. त्यांनी गाठीकडे प्रवाह, दाब आणि झिरप यांच्या अंगाने पाहिले. गाठीतल्या वाहिन्या घाईने वाढलेल्या असतात. कोठे फुगलेल्या, कोठे चिमटलेल्या, वाकड्यातिकड्या. त्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेशीही नीट चिकटलेल्या नसतात. त्या इतक्या गळतात, की गाठीतल्या द्रवाचा दाब वाहिनीतल्या दाबाच्या जवळ जाऊन पोहोचतो. आत आणि बाहेर दाब सारखाच झाला, तर औषध वाहिनीतून बाहेर ढकलले जाणार कशाने? रुग्णाच्या शिरेतून मोठी मात्रा देऊनही गाठीच्या काही भागात औषधाचा थेंब पोहोचत नाही, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

जैन यांनी २००१ मध्ये सुचवले, की व्हीईजीएफ अडवणारे औषध योग्य मात्रेत आणि योग्य वेळी दिले तर वाहिन्या सगळ्या नष्ट होत नाहीत. कच्च्या वाहिन्या गळून जातात आणि उरलेल्या काही काळ सुधारतात: गळती कमी होते, दाब उतरतो, रक्त नीट वाहते. त्या अवधीत केमो किंवा रेडिएशन दिले तर ते जास्त परिणाम करेल. गुदाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर २००४ मध्ये केलेल्या अभ्यासात बेव्हासिझुमॅबच्या एकाच मात्रेनंतर गाठीतला द्रवाचा दाब उतरलेला दिसला. बेव्हासिझुमॅब एकटे फारसे काम करत नाही आणि केमोच्या जोडीने करते, याचा अर्थ इथे लागतो. वाहिन्या तोडण्याइतकेच त्यांना वळणावर आणणेही उपयोगी ठरते.

बी आणि माती

वाहिन्या हा शेजाराचा एक भाग झाला. बाकीच्या ऊतींचे महत्त्व लंडनमधले शल्यचिकित्सक स्टीफन पेजेट यांनी १८८९ मध्येच ओळखले होते. स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. कर्करोग रक्तातून केवळ योगायोगाने पसरत असता, तर यकृत आणि प्लीहा यांत इतका फरक पडायला नको होता. पण यकृतात तो २४१ जणींमध्ये पसरलेला होता, प्लीहेत फक्त १७ जणींमध्ये. बी सगळीकडे उधळले जाते, पण मानवेल त्याच मातीत ते रुजते, असे पेजेट यांनी लिहिले. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वैद्यकाने मात्र पुढची बरीच दशके मातीपेक्षा बियाण्याचाच अभ्यास केला.

मातीचा अभ्यास नेटाने पुढे नेणाऱ्यांत इराणमध्ये जन्मलेल्या, कॅलिफोर्नियातल्या बर्कले प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मिना बिसेल यांचे नाव मोठे आहे. कोंबडीत कर्करोग घडवणारा विषाणू पेटन रौस यांनी १९११ मध्ये शोधला होता. बिसेल आणि डेव्हिड डोलबर्ग यांनी १९८४ मध्ये तोच विषाणू अंड्यातल्या वाढत्या भ्रूणात टोचला. विषाणूचे कर्कजनुक पेशींत पोहोचले, काम करू लागले, तरी गाठ झाली नाही. त्याच पेशी भ्रूणातून काढून काचेच्या बशीत सुट्या केल्या, तेव्हा त्या कर्कपेशींसारख्या वागू लागल्या. पुढच्याच वर्षी या गटाने पिल्लांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका पंखात विषाणू टोचला की तिथे गाठ होई. दुसऱ्या पंखाला नुसती जखम केली तर तिथेही गाठ उठे. जखमेचा शेजार मिळाला की बिघडलेले जनुक मोकाट सुटते, हे ड्वोराक यांच्या विचाराशी तंतोतंत जुळत होते. १९९७ मध्ये बिसेल यांच्या गटाने आणखी पुढचे दाखवले. स्तनाच्या कर्कपेशींना भोवतीच्या जाळीशी जोडणारे एक प्रथिन अडवले, तेव्हा त्या पेशी पुन्हा शिस्तीत येऊन निरोगी स्तनपेशींसारखी गोल रचना करू लागल्या. त्यांच्या जनुकांतले दोष तसेच होते. बदलला होता तो शेजाराशी असलेला संबंध.

या शेजारात कोण कोण असते? फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेनचे तंतू विणतात आणि वाढीला चालना देणारी रसायने सोडतात. भक्षकपेशी खरे तर संरक्षणासाठी येतात, पण गाठीतले वातावरण त्यांना जखम भरणाऱ्या भूमिकेत ढकलते आणि त्या व्हीईजीएफ तयार करून गाठीला मदतच करू लागतात. कर्कपेशींना मारू शकणाऱ्या टी-पेशींना आत शिरणे अवघड होते, कारण वाहिन्यांच्या भिंती त्यांना अडकायला जागा देत नाहीत आणि दाट तंतू वाट अडवतात. शिवाय ऊती घट्ट झाल्या की तो कठीणपणाच कर्कपेशींना वाढीचा संकेत देतो. स्तनातली गाठ हाताला कडक लागते, ती बऱ्याच अंशी या कोलॅजेनमुळे.

मग हा शेजार सरसकट उखडून टाकला तर? स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्याचे उत्तर दिले, आणि ते कडू होते. या कर्करोगात गाठीचा मोठा हिस्सा दाट तंतूंचा असतो आणि वाहिन्या दबलेल्या असतात. २००९ मध्ये उंदरांत हे तंतू विरळ करणाऱ्या औषधाने केमो आत पोहोचवण्यात यश आले. पण माणसांवरच्या चाचणीत ते औषध घेणाऱ्या रुग्णांची स्थिती उलट बिघडली आणि चाचणी थांबवावी लागली. २०१४ मध्ये दोन संशोधनगटांनी उंदरांत दाखवले, की तंतू विणणाऱ्या पेशी काढून टाकल्या तर गाठ अधिक आक्रमक होते. म्हणजे त्या पेशींपैकी काही गाठीला आवर घालत होत्या. राकेश जैन यांच्या गटाने मग सौम्य मार्ग धरला. रक्तदाबासाठी घराघरांत घेतली जाणारी लोसार्टन ही गोळी कोलॅजेनची निर्मिती कमी करते आणि दबलेल्या वाहिन्या मोकळ्या करते, हे त्यांनी उंदरांत दाखवले आणि केमोबरोबर तिच्या चाचण्या रुग्णांवर सुरू झाल्या. शेजार उद्ध्वस्त करण्यापेक्षा त्याला ताळ्यावर आणणे बरे, हा धडा वाहिन्यांनी दिला होता. तंतूंनीही तोच दिला.

सुपारी आणि तोंडातली माती

आपल्याकडे या सगळ्याचे एक जळजळीत उदाहरण रोज डोळ्यांसमोर असते. गुटखा, मावा, खर्रा, सुगंधी सुपारी खाणाऱ्यांना काही वर्षांत तिखट लागले की तोंडाची आग होऊ लागते. गालाची आतली त्वचा पांढुरकी पडते, बोटाला दोऱ्यांसारखे ताठ पट्टे लागतात आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतले अ‍ॅरेकोलिन फायब्रोब्लास्टना उत्तेजित करते. सुपारीत तांबेही भरपूर असते. कोलॅजेनचे तंतू एकमेकांना घट्ट जोडणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या विकराला तेच तांबे लागते. तंतू वाढतात, घट्ट होतात, मोडत नाहीत. त्यांच्या दाबाने बारीक वाहिन्या कमी होतात, वरच्या थराला रक्त कमी पडते, प्राणवायू घटतो आणि एचआयएफ जागे होते. कर्करोग दिसायच्या कितीतरी आधी त्याचा शेजार तयार झालेला असतो, आणि त्याच जागेवर सुपारी व तंबाखूतली कर्कजनके रोज पडत राहतात.

मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधल्या दंतसंशोधकांच्या गटाने केरळमधल्या अशा रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. साधी सुपारी मात्र पूजेपासून पानापर्यंत सगळीकडे आहे, आणि ती निरुपद्रवी आहे असे मानणारी घरे अजून पुष्कळ आहेत.

परळमधला प्रयोग

तोंडाचा कर्करोग पसरलेल्या अवस्थेत आला की उपचार महाग होतात आणि गुण थोडा. इथे शेजारावरच्या संशोधनाने एक वेगळी वाट दाखवली. केमो नेहमी मोठ्या मात्रेत, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने देतात. त्या मधल्या काळात गाठीतल्या वाहिन्यांच्या अस्तरपेशीही सावरतात. २००० च्या सुमारास फोकमन यांच्या प्रयोगशाळेने आणि कॅनडातल्या रॉबर्ट केर्बल यांच्या गटाने उंदरांत दाखवले, की तीच औषधे लहान मात्रेत, फारसा खंड न पाडता दिली तर या अस्तरपेशींना सावरायला वेळच मिळत नाही. या पद्धतीला मेट्रोनॉमिक उपचार म्हणतात.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डोके आणि मानेच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर याची मोठी चाचणी झाली. एका गटाला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब या तोंडाने घ्यायच्या गोळ्या. दुसऱ्याला तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन. २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये निष्कर्ष आले. गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ७.५ महिने होते, सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे ६.१ महिने. तीव्र दुष्परिणामही कमी दिसले, १९ टक्क्यांत. सिस्प्लॅटिनच्या गटात ते ३० टक्के होते. महिना-दीड महिन्याचा हा फरक आकड्यात लहान आहे. पण या गोळ्या स्वस्त आहेत, घरी घेता येतात, आणि सलाइनसाठी गावाहून मुंबईला खेपा घालण्याची, खाट अडवण्याची गरज राहत नाही. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या कुटुंबासाठी याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

पुढची पायरी आणखी बोलकी आहे. वाहिन्या सुधारल्या की टी-पेशींना आत यायला वाट मिळते, आणि व्हीईजीएफचे टी-पेशींवरचे दडपणही कमी होते. यकृताच्या कर्करोगात बेव्हासिझुमॅब आणि टी-पेशींचा अटकाव दूर करणारे अ‍ॅटेझोलिझुमॅब या जोडीने २०२० मध्ये जुन्या औषधाला मागे टाकले. वर्षअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण ५४.६ वरून ६७.२ टक्क्यांवर गेले. पण अशी औषधे बहुतेक भारतीयांच्या आवाक्याबाहेर आहेत. टाटा मेमोरियलमध्ये विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोके आणि मानेच्या कर्करोगात तीन मेट्रोनॉमिक गोळ्यांच्या जोडीला निव्होलुमॅब हे टी-पेशींचा अटकाव दूर करणारेच औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, असे देऊन पाहिले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षाने १६.३ टक्के रुग्ण हयात होते. निव्होलुमॅबची जोड मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. महागड्या औषधाची लहान मात्रा आणि शेजार सांभाळणाऱ्या स्वस्त गोळ्या, यांच्या बळावर एका सार्वजनिक रुग्णालयाने जगाला विचार करायला लावला.

यातून घ्यायचे ते

गाठीला रक्त लागते, हे कळल्यावर काही चुकीचे अर्थही निघाले. ‘गाठीला उपाशी मारा’ म्हणून रुग्णाचे जेवण तोडणारे सल्ले आज मोबाइलवर फिरत असतात. गाठ आपल्याला हवे ते रक्तातून ओढून घेते. उपासाने झिजतो तो रुग्ण, आणि झिजलेल्या शरीराला केमो सोसत नाही. शार्कच्या कूर्चेची पूड वाहिन्या रोखते म्हणून जगभर विकली गेली. फुप्फुसाच्या कर्करोगावर तिच्या अर्काची रीतसर चाचणी झाली तेव्हा काहीच लाभ दिसला नाही. वाहिन्यांवरचे खरे औषध चालू असेल तर मात्र रक्तदाब नियमित तपासायला हवा, आणि दात काढायचा असला तरी आधी कर्करोगतज्ज्ञाला विचारायला हवे.

सगळ्यांत मोठी गोष्ट उपचाराच्या अलीकडची आहे. बिघडलेले जनुक आपल्याला बाहेरून दुरुस्त करता येत नाही. तोंडातला शेजार बिघडू न देणे मात्र हातात आहे. फायब्रोसिस पूर्णपणे मागे फिरत नाही, पण सुपारी सुटली की त्याची वाढ थांबवता येते, आणि आधी सुटली तर तो होतच नाही. आपल्या हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे आरशासमोर कोणालाही पाहता येते. जात नसतील, किंवा तिखटाने आग होत असेल, तर त्या आठवड्यातच दंतवैद्याला दाखवावे. घरातला कोणी सोळा-सतरा वर्षांचा मुलगा सुपारीची पुडी फोडताना दिसला, तर त्याला गालाच्या आत काय घडते ते समजावून सांगावे. ही माहिती प्रयोगशाळेत जमायला पन्नास वर्षे लागली. तिचा सर्वांत मोठा उपयोग त्या मुलाला आहे.